शेजारच्या दोन एपिस्कोपल मंडळ्यांनी मिळून काम कसं सुरू करावं

अमेरिकेत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर दोन एपिस्कोपल, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली, चर्च असणं नवं नाही. दोन्हीकडे बाकं अर्धी रिकामी, आणि छपराची दुरुस्ती मात्र दोन्हीकडे निघालेली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही याच अँग्लिकन परिवारातली, त्यामुळे तिथे वाढलेली मराठी माणसंही अशा मंडळ्यांत भेटतात. एकत्र काम करायचं ठरलं, तर ते या क्रमाने करा.

आधी कोणाला विचारायचं? उपासना रेक्टरच्या, म्हणजे मंडळीच्या मुख्य पाळकांच्या, अखत्यारीत येते. पैसा आणि इमारत व्हेस्ट्रीच्या, म्हणजे सभासदांनी निवडलेल्या समितीच्या. दोघांशी बोला. बिशपच्या कार्यालयालाही सुरुवातीलाच कळवा. पुढे एकच पाळक दोन्हीकडे नेमायची वेळ आली, तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

पहिल्याच बैठकीत एखादे आजोबा विचारतील, "म्हणजे आमचं चर्च बंद करणार का?" उत्तर गुळमुळीत देऊ नका. विलीनीकरण डोक्यात नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि इतिवृत्तात लिहा.

सुरुवात सूपने करा. राखेच्या बुधवारनंतर, ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर आठवड्याला एक संध्याकाळ ठरवा: सहा वाजता सूप आणि ब्रेड, सात वाजता छोटी प्रार्थना. एक आठवडा इकडे, पुढचा तिकडे. सूप पाहुण्या मंडळीने आणायचं. ब्रेड आणि भांडी घासणं यजमानांकडे. सगळं यजमानांवरच टाकलंत तर त्या संध्याकाळी तीच माणसं दमतात. एक भांडं बिनमांसाचं ठेवाच, आणि प्रत्येकावर घटकांची चिठ्ठी लावा. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी चार स्लो कुकर एकाच बोर्डाला लावले आणि हॉलचे दिवे गेले. मेणबत्त्यांना चर्चमध्ये तोटा नव्हता, पण सूप कोमटच प्यालो. तेव्हा फ्यूजची पेटी कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

मग एक पान लिहा. किल्ली कोणाकडे, हीटिंगचं बिल कोणाचं, विम्याचा कागद कोणी द्यायचा, दानपात्रातले पैसे कसे वाटायचे. ओळखीच्या माणसांत लिहून घेणं अवघड वाटतं, पण कुरबुरी या चारच गोष्टींवरून होतात.

उपासना त्यानंतर. पवित्र सप्ताह सोयीचा: गुरुवारची उपासना एका ठिकाणी, उत्तम शुक्रवारची दुसऱ्या. ईस्टरची सकाळ मात्र ज्याची त्याला ठेवा. त्या दिवशी लोकांना स्वतःचं बाक हवं असतं. पाळक एकच असतील तर साडेआठ आणि अकरा अशा वेळा ठरवा आणि मधल्या प्रवासाचा वेळ आधीच मोजा. पाळक नसलेल्या रविवारी १९७९ च्या प्रार्थनापुस्तकातली सकाळची प्रार्थना साधा सभासदही चालवू शकतो. प्रभुभोजनाला मात्र दीक्षित पाळक लागतात. जवळ ईएलसीएची (अमेरिकेतल्या एका मोठ्या ल्यूथरन चर्चची) मंडळी असेल तर तिथेही विचारा. २००१ पासून दोन्ही चर्चमध्ये पूर्ण सहभागिता आहे, म्हणजे ती एकमेकांचे पाळक आणि प्रभुभोजन मान्य करतात, त्यामुळे त्यांचे पाळक रीतसर परवानगीने येऊ शकतात.

मुलांची सुट्टीतली बायबल शाळा पहिल्या वर्षी घेऊ नका. तिच्यासाठी स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. जूनमध्ये शाळा भरवायची तर ही कामं जानेवारीतच हाती घ्या.