घरची भाषा वेगळी असलेलं मूल पाळणाघरात रुळवताना

ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या पाळणाघरात एकाच वर्गात चार-पाच घरभाषांची मुलं सहज असतात. नवं मूल येणार असेल, तर त्याच्यासाठीची खरी तयारी ते येण्याआधीच्या आठवड्यात करायची. रडणारं मूल कडेवर आल्यावर त्याच्या घरी पाण्याला काय म्हणतात, हे शोधायला सवड नसते.

प्रवेशाच्या वेळी पालकांसोबत निवांत पाऊण तास बसा. फॉर्म हातात देऊन 'भरून आणा' म्हणू नका. विचारत विचारत ताईंनीच भरावा. भाषा अडली तर दुभाषी बोलवा, फोनवरचाही चालतो. मोठ्या भावंडाला मात्र मध्ये घालू नका. औषधाचं प्रमाण दहा वर्षांच्या मुलाकडून ऐकणं धोक्याचं असतं, आणि घरातली काही दुखणी पालक त्याच्यासमोर बोलतही नाहीत. फॉर्मवर 'आईचं नाव, वडिलांचं नाव' असे रकाने ठेवण्याऐवजी 'सांभाळणारी व्यक्ती १, २, ३' लिहा. कुठे आजीच सगळं बघते, कुठे एकच पालक असतो. रिकामा राहिलेला रकाना त्यांना दर वेळी टोचतो. अ‍ॅलर्जी, औषधं आणि मुलाला न्यायला कोण येणार, हे लेखी आणि सहीनिशीच घ्या. नेणाऱ्यांचे फोटो फाईलला लावा.

मुलाचं नाव पालकांच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या आणि वर्गातल्या सगळ्या ताईंनी ते म्हणून बघा. जमत नाही म्हणून नाव तोडून छोटं करू नका.

आता मुलाच्या घरच्या भाषेतल्या शब्दांचा तक्ता. आठ-दहा शब्द पुरतात: पाणी, भूक, शू, शी, दुखतंय, झोप, नको, अजून, आणि 'आई येणार'. ताईंना वाचता येईल त्या लिपीत, कानाला ऐकू येतात तसे लिहा आणि सोबत रेकॉर्डिंग ठेवा. इथे एक चूक हमखास होते. पालक पाहुण्यांसमोर बोलावेत तसे शुद्ध शब्द सांगतात. मराठी घरातून 'लघवी' सांगितलं जावं आणि मूल प्रत्यक्षात 'शू' म्हणावं, तसंच इतर भाषांतही घडतं. म्हणून 'याला काय म्हणतात?' असं न विचारता 'तुमचं मूल काय म्हणतं? त्या वेळी हाताने काही करून दाखवतं का?' असं विचारा. हा एक शब्द चुकला की मूल सांगत राहतं, कुणाला कळत नाही, चड्डी ओली होते आणि 'अजून सवय लागलेली नाही' असा शेरा बसतो. घरी महिनोन् महिने कोरडं राहणारं मूल मग पुन्हा डायपरमध्ये जातं.

तक्त्याच्या तीन प्रती काढा आणि शौचालयाच्या दाराशी, जेवणाच्या जागी व झोपायच्या जागी मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. फाईलमधला तक्ता बदली ताईंच्या नजरेला कधीच पडत नाही.

पहिला आठवडा साधारण असा आखा. पहिल्या दिवशी एक तास, पालक वर्गातच. दुसऱ्या दिवशी पालक पंधरा मिनिटं बाहेर. तिसऱ्या दिवशी तासभर बाहेर, चौथ्या दिवशी जेवणापर्यंत, पाचव्या दिवशी झोप उरकेपर्यंत. मूल बिथरलं तर त्याच पायरीवर आणखी एक दिवस थांबा. पालकांना इतकी रजा मिळत नसेल, तर घरातलं दुसरं ओळखीचं माणूस बसलं तरी चालतं. दोन आठवडे दारात मुलाला एकाच ताईंनी घ्यावं. लळा आधी एका माणसाचा लागतो, मग जागेचा.

निरोप छोटा आणि रोज तोच ठेवा: एक मिठी, एक वाक्य, आणि पालक निघाले. खेळात गुंतलंय बघून गुपचूप सटकू देऊ नका. त्या दिवशी रडणं टळतं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल दारावरची नजर काढत नाही, खेळायला बसत नाही. परत कधी येणार हेही घड्याळावरून सांगू नका. 'झोपून उठलास की बाबा' हे त्याला कळतं.

यानंतर बरीच मुलं गप्प होतात. हा गप्पपणा काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतो. मूल त्या काळात ऐकत असतं, बघत असतं, जुळवत असतं. 'बोल ना' म्हणून मागे लागू नका, चार मुलांसमोर तर नाहीच. त्याच्याशी बोलताना हातातली वस्तू दाखवा, वाक्य छोटं ठेवा, आणि उत्तराची वाट बघत मनातल्या मनात पाच आकडे मोजा. त्याने बोट दाखवलं, मान हलवली, तर ते उत्तर समजून त्याला शब्दांची जोड द्या: 'लाल हवा? हा घे लाल.' रोजची गाणी ठरलेली असू द्या. पहिले शब्द पुष्कळदा गाण्यातूनच बाहेर पडतात. पुढे 'मला दे', 'माझा नंबर' अशी पाठ झालेली वाक्यं येतात, स्वतःची वाक्यं त्यानंतर.

पालकांना 'घरीही इथलीच भाषा बोला' असा सल्ला देऊ नका. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही, आणि घरची भाषा सुटली तर आजी-आजोबांशी बोलणंच तुटतं. त्याऐवजी दर आठवड्याला एकच प्रश्न विचारा: घरी बोलतंय का? घरी भरभरून बोलत असेल तर वाट बघा. मात्र घरच्या भाषेतही शब्द नसतील, येत असलेले शब्द गेले असतील, हाकेला वळून बघत नसेल किंवा बोटाने काही दाखवत नसेल, तर थांबू नका. पालकांशी बोलून आधी कानांची तपासणी करून घ्यायला सांगा आणि बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.