सूर्य नाहीसा झाला तर? हा प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन कसा सोडवावा

सूर्य अचानक नाहीसा झाला तर पृथ्वीचे काय होईल, असे एखाद्या मुलाने विचारले, तर ‘सगळे संपेल’ एवढे सांगून प्रश्न मिटवू नये. शाळेतले गणित आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्या सामग्रीवर त्याची बरीच उत्तरे घरी किंवा वर्गात काढता येतात, आणि त्यांतली काही ऐकीव समजुतींपेक्षा अगदी वेगळी निघतात.

प्रथम प्रयोगाचा नियम ठरवावा. एवढे वस्तुमान एकाएकी शून्य होणे आइन्स्टाइनच्या समीकरणांत बसत नाही. म्हणून ही एकच सूट घ्यावी आणि बाकी सर्व काही निसर्गनियमांप्रमाणे घडू द्यावे. स्फोट नाही, धक्का नाही. फक्त सूर्य नाही.

पहिले गणित वेळेचे आहे. सूर्याचे सरासरी अंतर 14 कोटी 96 लाख किलोमीटर. त्याला प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला 3 लाख किलोमीटरने भागावे. उत्तर येते 499 सेकंद, म्हणजे 8 मिनिटे 19 सेकंद. तेवढा वेळ आकाशात सूर्य दिसत राहील आणि पृथ्वी नेहमीच्या कक्षेतच फिरत राहील, कारण गुरुत्वाकर्षणातील बदलही प्रकाशाच्याच वेगाने पसरतो. याचा पुरावा 17 ऑगस्ट 2017 रोजी मिळाला. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या, टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी (गुरुत्वाकर्षणातील बदलांच्या लहरी) आणि गॅमा किरण (प्रकाशाचाच अतिऊर्जावान प्रकार) सुमारे 13 कोटी वर्षांचा प्रवास करून अवघ्या पावणेदोन सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोहोचले. त्या लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाची भारतातील वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

आता ज्या भागात त्या वेळी रात्र असेल, तिथल्या माणसाला काय दिसेल ते पाहावे. पौर्णिमेचा चंद्र, पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला अंधार पडल्यानंतर अडीच सेकंदांनी विझेल, कारण प्रकाशाला पृथ्वीपासून चंद्रापर्यंत जाऊन परत यायला तेवढा वेळ लागतो. गुरू मात्र तळपत राहील. तो सूर्याच्या बरोबर समोर, मध्यरात्री डोक्यावर असेल तर शेवटच्या सूर्यकिरणाला त्याच्यापर्यंत जायला 43 मिनिटे आणि तिथून आपल्याकडे परत यायला 35 मिनिटे लागतात. यातून सूर्य गेल्याचे आपल्याला कळायला लागणारी 8 मिनिटे वजा केली की उरतात 70 मिनिटे. सूर्य गेल्यावरही तासाभराहून अधिक काळ त्याचा प्रकाश गुरूवरून परतून आपल्याला दिसत राहील. या प्रयोगातला मला सर्वांत हृद्य वाटणारा भाग हाच आहे. तारे अर्थातच जसेच्या तसे राहतील.

पृथ्वीचा मार्ग काढण्यासाठी वर्तुळ काढून त्याला स्पर्शिका ओढावी. पृथ्वी त्या स्पर्शिकेवरून सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला जवळजवळ 26 लाख किलोमीटर, सरळ जात राहील. चंद्र तिच्याभोवतीच फिरेल आणि ती स्वतःभोवतीही पूर्वीप्रमाणेच फिरेल. चंद्रामुळे भरती-ओहोटी चालू राहील. परंतु सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो आणि तोच गेल्यामुळे कोकण किनाऱ्यावरचा उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हा फरक उरणार नाही.

तापमानाचे गणित घाईने करू नये. पृथ्वी दर चौरस मीटरमागे सरासरी 240 वॅट उष्णता अवकाशात टाकते, म्हणजे दिवसाला सुमारे 2 कोटी ज्यूल. प्रत्येक चौरस मीटरवर 10 टन हवा आहे आणि तिचे तापमान एका अंशाने उतरायला सुमारे 1 कोटी ज्यूल जावे लागतात. म्हणून समुद्राची ऊब धरली नाही, तर हवा सुरुवातीला दिवसाला सरासरी दोन अंशांनी थंड होईल. खंडांच्या अंतर्भागात जमिनीलगतचे तापमान याहून झपाट्याने उतरेल, तर किनाऱ्यावर समुद्र ते काही काळ सावरेल. पुढे वेग मंदावतो, कारण उत्सर्जन केल्विन तापमानाच्या (उणे 273 अंश सेल्सिअसला शून्य धरून मोजलेल्या) चौथ्या घाताप्रमाणे कमी होते. दक्षिण ध्रुवावर सहा महिने सूर्य नसतो, तरी तिथली थंडी एका मर्यादेवर थांबते, याचे कारण इतर प्रदेशांतून तिथे येणारी ऊब. आपल्या प्रयोगात अशी ऊब पाठवणारा प्रदेशच हळूहळू नाहीसा होतो.

शेवटी किती थंडी पडेल? पृथ्वीच्या पोटातून दर चौरस मीटरला सुमारे 0.09 वॅट उष्णता वर येते. या संख्येला स्टेफान-बोल्ट्झमान स्थिरांकाने (तापमान आणि उत्सर्जित उष्णता यांना जोडणाऱ्या ठरलेल्या संख्येने), म्हणजे 0.0000000567 ने भागावे आणि आलेल्या भागाकारावर वर्गमुळाचे बटण दोनदा दाबावे. उत्तर 35 ते 36 केल्विन, म्हणजे उणे 238 अंश सेल्सिअसच्या जवळ येते. नायट्रोजन उणे 210 अंशांना आणि ऑक्सिजन उणे 219 अंशांना गोठतो. म्हणजे ती 10 टन हवाच घनरूप होऊन जमिनीवर पडेल आणि तिचा थर सुमारे 10 मीटर, एखाद्या तीन मजली इमारतीएवढा असेल.

समुद्र इतक्या लवकर गोठत नाही. बर्फ वर तरंगतो आणि खालच्या पाण्याची ऊब धरून ठेवतो. जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. हजार वर्षांनीही जाडी काही शे मीटर असेल आणि सरासरी 3,700 मीटर खोल समुद्र तळापर्यंत गोठायला निदान कित्येक दहा हजार वर्षे जातील.

झाडांचे प्रकाशसंश्लेषण त्याच क्षणी थांबेल, म्हणून आपण गुदमरून मरू, हा समज मात्र खोडून काढावा. वातावरणात सुमारे 12 लाख अब्ज टन ऑक्सिजन आहे, आणि जगातील सर्व माणसे मिळून वर्षाला अडीच अब्ज टनांच्या आसपास वापरतात. भागाकार करून पाहावा. माणसाला आधी थंडी आणि उपासमार गाठेल.

जीव टिकेल तो समुद्रतळाशी. 1977 मध्ये गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्रात उष्ण पाण्याचे झरे सापडले, त्यांच्याभोवती प्रकाशाविना जगणारी जीवसृष्टी होती. तिथल्या मोठ्या कृमींना मात्र पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि तो मुळात सूर्यप्रकाशातूनच आलेला असतो. बर्फाखाली तो संपत जाईल तसे तेही जातील. ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव मागे उरतील. त्यांना ऊब देणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग पृथ्वीच्या पोटातील युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सारी क्षयातून येतो, आणि युरेनियम-238 निम्मे व्हायलाच सुमारे साडेचार अब्ज वर्षे लागतात.