आतड्यातील जंतूंना काय वाढावे?

अमेरिकेतील सेंट लुइस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात साध्या उंदरांचे जंतू सोडण्यात आले, तेव्हा दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही पूर्वीपेक्षा कमी खाऊन. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून माणसाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये. सडपातळ व्यक्तींच्या विष्ठेतील जंतू कॅप्सूलमधून लठ्ठ व्यक्तींना देऊन पाहिले, तरी त्यांचे वजन फारसे उतरले नाही. म्हणून जंतू विकत आणण्यापेक्षा असलेल्यांना नीट खाऊ घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आपल्याला न पचणारा चोथा हे जंतू मोठ्या आतड्यात आंबवतात आणि त्यातून तयार होणारी आम्ले थोडी ऊर्जा देतात खरी, पण पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या संप्रेरकांनाही चालना देतात.

सुरुवात मटकीपासून करावी. सकाळी भिजत घालून रात्री उपसावी, ओल्या फडक्यात सैल बांधून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी मोड दिसले की उसळ करावी. वास आंबूस येत असेल किंवा मटकी चिकट झाली असेल, तर मात्र ती सरळ टाकून द्यावी. पहिल्या आठवड्यात एकच वाटी पुरे, कारण सवय नसलेल्या पोटात चोथा एकदम वाढला की वायू धरतो आणि माणूस चौथ्या दिवशी पुन्हा मैद्याकडे वळतो. पुढे गव्हाच्या पोळीऐवजी एका जेवणात ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी घ्यावी, कडधान्ये आलटून पालटून करावीत आणि पाणी वाढवावे.

ताकाबाबत एक चूक सर्रास होते. कढी उकळली की त्यातील जंतू मरतात, आणि रात्रभर आंबवलेली आंबीलही शिजवल्यावर त्याच वाटेने जाते. कढी जरूर खावी, पण जिवंत जंतू हवे असतील, तर आंबील कोमट झाल्यावर वरून ताजे ताक घालावे. बाजारातील गोड पेयांच्या बाटलीवर जंतूंचे नाव कितीही ठळक असले, तरी आधी साखरेचा आकडा वाचावा.

प्रतिजैविके डॉक्टरांनी दिली असतील तेव्हाच घ्यावीत, कारण ती उपयोगी जंतूंनाही मारतात. आतड्याचा जुना विकार असलेल्यांनी मात्र आहारातील हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.