तीर्थनच्या खोऱ्यात नाला पायी कसा ओलांडावा

तीर्थनचं पाणी उन्हावर चालतं. कुल्लू जिल्ह्यातली ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातल्या बर्फातून निघते. तिच्यावर धरण नाही आणि जलविद्युत प्रकल्प तिच्यावर होऊ द्यायचे नाहीत, असं राज्याने ठरवलेलं आहे. पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींना सवय असते सह्याद्रीतल्या ओढ्यांची: पाऊस थांबला, तास-दोन तास कळ काढली की पाणी ओसरतं. इथे मे-जूनमध्ये आभाळ निरभ्र असलं की पाणी चढतं. सकाळी सहाला पोटरीपर्यंत असलेला नाला दुपारी चारला मांडीला लागू शकतो.

उद्यानाचा परवाना साई रोप्याच्या कार्यालयातून घ्या. वाटाड्या खोऱ्यातलाच घ्या. गुशैणी गाव ते रोल्ल्याचा मुक्काम ही वाट मळलेली आहे, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडचण पुढे येते. तिथे बाजूचे नाले ओंडक्यावरून ओलांडायचे असतात आणि नेमका ओंडकाच मागच्या पुरात गेलेला असतो.

आधी वेळ. मोठा नाला उजाडल्याबरोबर, उन्हं वरच्या बर्फावर पोचायच्या आत ओलांडायचा. दुपारी पोचलात तर अलीकडेच तंबू ठोका, पण पात्रातल्या सपाट वाळूवर नाही, वर झाडीच्या पातळीला. ‘आलोच आहोत तर उरकून टाकू’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याचं ऐकू नका.

मग जागा. वाट जिथे पाण्यात उतरते तीच उताराची जागा, असं समजू नका. वर-खाली दोन-तीनशे मीटर हिंडून या. पात्र रुंद आणि सरळ असेल, पाणी दोन-तीन धारांत फुटलं असेल, ती जागा चांगली. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल असतं आणि ओढही तिथेच जास्त. अरुंद जागा बघून खूश होऊ नका, तेवढंच पाणी तिथून जाताना खोल आणि वेगवान होतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो.

खालच्या अंगाला काय आहे, हे बघितल्याशिवाय पाय टाकू नका. धबधबा, घळ किंवा आडवं पडलेलं देवदाराचं झाड असेल तर जागा बाद. झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

आता पाण्याची परीक्षा. काटकी टाकून तिच्या बरोबरीने काठाने चाला. भरभर चालूनही ती पुढे गेली आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर जायचं नाही. पाण्याच्या कडेला दगड ठेवून पंधरा मिनिटांनी पाहा, पाणी चढतंय की उतरतंय ते कळतं. तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर पुढची परीक्षा घेऊच नका. मांडीपर्यंतचं वेगवान पाणी ही धडधाकट माणसाचीही हद्द आहे.

बूट काढून अनवाणी जा, हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला त्याने बर्फाच्या पाण्यात पाय घातलेला नसावा. मिनिटभरात तळवे बधिर होतात, दगड कळत नाही, बोट ठेचतं आणि तोल जातो. मोजे काढा, बूट पुन्हा घाला. मागे पट्टा असलेली सॅंडल चालेल, चप्पल नाही. ढगळ पँट पाणी धरते, ती गुंडाळा किंवा उतरवा. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, खांद्याचे सैल करा.

हातात छातीएवढ्या उंचीची एकच जाड काठी हवी. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला. काठी पुढे रोवा, तिच्यावर रेला, मग एक पाय सरकवा, मग दुसरा. काठी आणि दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं. पाय उचलायचा नाही, तळावरून चाचपत न्यायचा. तिरकं, किंचित खालच्या बाजूला जात राहा. पायाखालच्या पाण्याकडे टक लावलीत तर गरगरतं; नजर समोरच्या काठावर. पायाशी पाणी उसळून वर चढू लागलं की मागे फिरा. मागे फिरतानाही प्रवाहाला पाठ द्यायची नाही.

गटाने जायचं तर हात धरून आडवी साखळी करू नका, एक घसरला की सगळे जातात. प्रवाहाच्या रेषेत एकामागे एक उभे राहा. सर्वांत दणकट माणूस काठी घेऊन वर, मागच्यांनी पुढच्याची सॅक किंवा खांदे घट्ट धरायचे, आणि सगळ्यांनी एकदमच सरकायचं.

आणि दोर. कमरेला दोर बांधून पाण्यात उतरणं यासारखा वाईट सल्ला नाही. माणूस पडला की दोर ताणला जातो, प्रवाह त्याला पाण्याखाली दाबतो, आणि काठावरचे लोक त्याला वाचवतोय समजून अजून ओढतात. बचावाचं शिक्षण नसेल तर दोर सॅकमध्येच राहू द्या.

पडलातच तर सॅक सोडा. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर, आणि हातांनी काठाकडे वल्हवा. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहायची घाई नको, पाऊल दगडांत अडकलं तर पाणी तोंडावर पाडतं. समोर आडवं झाड आलं तर मात्र पालथे व्हा, जोर लावून त्याच्याकडे पोहा आणि वर चढा.

पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या वाहू लागल्या, किंवा ऐन दुपारी पाणी एकाएकी कमी झालं, तर वर दरड कोसळून पाणी अडलं असू शकतं. काठाने पळू नका, सरळ चढण धरा.

हे सारं तीर्थनचं झालं. लारजीपाशी ती बियास नदीवरच्या धरणाच्या पाण्याला मिळते. तिथून खाली ऊन बघून काही कळत नाही, कारण पाणी दरवाजे उघडले की येतं. 8 जून 2014 रोजी थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे 24 विद्यार्थी असेच वाहून गेले. शेजारच्या सैंज खोऱ्यातही धरण आहे. या दोन्ही ठिकाणी फोटोपुरतंसुद्धा पात्रात उतरू नका.