हिरड्यांतून रक्त येतंय? या चुका टाळा

ब्रशला रक्त दिसलं की बरेच जण त्या बाजूला ब्रश लावणंच सोडतात. दुखऱ्या जागेला हात लावू नये, हा हिशेब इथे उलटा पडतो. रक्त बहुतेकदा येतं ते हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे. जागा टाळली की थर वाढतो आणि रक्तही वाढतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या काही जणांना मुद्दाम दात घासणं बंद करायला लावलं होतं. तीनेक आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

दुसरं टोक म्हणजे कडक ब्रशने आडवंतिडवं खसाखसा घासणं. त्याने थर नीट निघत नाही, हिरडी मात्र सोलवटते आणि हळूहळू मागे सरकते. मऊ ब्रश घ्या आणि पेन धरतो तसा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. ब्रश हिरडीकडे तिरका, साधारण ४५ अंशांत ठेवून दोन-दोन दातांवर हलकेच हलवा. एकूण दोन मिनिटं द्या. सकाळचं घासणं सहसा चुकत नाही, कंटाळा होतो तो रात्रीचा, आणि खरं तर तेच जास्त महत्त्वाचं.

दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे फटींतून फिरवायचा बारीक दोरा, किंवा फटींचा छोटा ब्रश हवा. टाचणी, सेफ्टी पिन नको. फ्लॉस सुरू केल्यावर पहिले काही दिवस रक्त येईल, तेवढ्याने सोडू नका.

कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर बरं वाटतं. पण मीठ, राखुंडी किंवा कोळशाची पूड चोळू नका. ‘मशेरी लावली की रक्त थांबतं’ हे तर सर्रास ऐकू येतं. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून रक्त कमी दिसतं, आजार आत वाढतच राहतो. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉशही डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस वापरा, नाहीतर दातांवर तपकिरी डाग पडतात.

किटण एकदा घट्ट झालं की घरी निघत नाही, सुरीच्या टोकाने खरवडायला तर मुळीच जाऊ नका. दवाखान्यात स्केलिंग, म्हणजे यंत्राने किटण काढणं, करून घ्या. त्याने दात हलायला लागतात ही भीती घराघरांत आहे. प्रत्यक्षात आजाराने आधीच सैल झालेला दात किटण निघाल्यावर जाणवतो, एवढंच.

नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, पू आला किंवा दात हलू लागला, तर डेंटिस्टला दाखवा. मधुमेह असेल किंवा गरोदरपण असेल तर एवढंही थांबू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि तापात हिरड्यांतून रक्त आलं तर तो प्रश्न ब्रशचा नाही. डेंग्यूतही असं होतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा.