मेल रखडतेय? आधी डीएनएस बघा

मेल रांगेत तुंबली की पहिला संशय रॅमवर जातो. त्याआधी स्पॅमअसॅसिनचा, म्हणजे सर्व्हरवरच्या स्पॅम फिल्टरचा, लॉग उघडा. तपासलेल्या प्रत्येक मेलच्या निकालाच्या ओळीत ‘स्कॅनटाइम’ सेकंदांत दिलेला असतो. तो दहा-पंधराच्या घरात आणि सीपीयू मात्र निवांत, असं दिसलं तर फिल्टर बहुधा ब्लॅकलिस्टच्या (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीच्या) उत्तराची वाट बघत बसलाय; ही चौकशी डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवरची नावं-पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेतून, होते. सर्व्हर सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा, सगळ्यांना खुला सर्व्हर) वापरतोय का ते पाहा. स्पॅमहाउससारख्या याद्या तिथून आलेल्या चौकशांना धड उत्तर देत नाहीत. त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, पण फॉरवर्डिंग (चौकशी दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे ढकलणं) बंद ठेवून, नाहीतर मुसळ केरात! रॅम अपुरी पडून मशीन स्वॅप करत (डिस्क रॅमसारखी वापरत) असेल तर गोष्ट वेगळी: तिथे स्पॅमडीच्या (स्पॅमअसॅसिनच्या मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेल तपासणाऱ्या, रॅम खाणाऱ्या चाइल्ड प्रोसेस वाढवायचा मोह होतो, खरं तर त्या कमी करायला हव्यात.