मशिदीची कमिटी चालवताना या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात प्रार्थनामंदिराला मशीद म्हणण्याची रीत जुनी आहे. सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत स्थापन केलेले 'शाअर हाराहमीम' आजही आमच्या घरांत 'जुनी मशीद' या नावानेच ओळखले जाते. त्या काळी मशिदीचा कारभार मुकादम, चौगुला आणि गबाय पाहत असत, हजान प्रार्थना चालवीत असे आणि शमाश दिवाबत्तीपासून सेफेर तोराच्या, म्हणजे हस्तलिखित धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या, वस्त्रांपर्यंत सर्व सांभाळत असे. आता अध्यक्ष, मानद सचिव, खजिनदार आणि विश्वस्त आहेत. पदांची नावे बदलली असली तरी चुका त्याच राहिल्या आहेत, आणि दर निवडणुकीनंतर नव्या उत्साहाने त्याच होताना पाहून मी आता थकलो आहे. एका लहान मशिदीत मी आधी खजिनदार आणि नंतर सचिव म्हणून बरीच वर्षे काम केले. पुढे जे लिहिले आहे, त्यातील बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिली चूक बोलींच्या हिशेबाची आहे आणि तिच्यावर मी जरा लांबण लावणार आहे. आमच्याकडे सणाच्या दिवशी हेखाल, म्हणजे सेफेर तोराचे कपाट, उघडण्याचा, सेफेर तोरा उचलून तेव्याकडे, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्याकडे, नेण्याचा आणि अलियाचा, म्हणजे वाचनावेळी तोरासमोर जाण्याचा, मान बोली लावून दिला जातो. लहान मशिदीच्या वर्षाच्या उत्पन्नात या बोलींचा वाटा मोठा असतो. अडचण अशी की शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) आणि योम किप्पूरला (उपासाचा सण) लिहिता येत नाही आणि पैशाला हातही लावता येत नाही, त्यामुळे बोललेली रक्कम कोणाच्या तरी स्मरणशक्तीवर सोडावी लागते. खजिनदारपदाच्या माझ्या पहिल्या योम किप्पूरला मी ती स्वतःच्या स्मरणशक्तीवर सोडली. सकाळच्या बोली मला नीट आठवत होत्या. पण नेइलाच्या, म्हणजे त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेच्या, वेळेपर्यंत उपास चोवीस तासांच्या जवळ पोहोचला होता, मशिदीतले पंखे गरम हवाच फिरवत होते, आणि हेखाल उघडण्याच्या शेवटच्या मानासाठी दोन घराण्यांत चढाओढ लागली. शोफार (शिंग) वाजला, लोक सरबत प्यायला बाहेर पडले, आणि मी घरी जाऊन वही उघडली तेव्हा त्या शेवटच्या बोलीचा आकडा सात हजार होता की अकरा हजार, हे मला काही केल्या आठवेना.

मी अकरा हजारांचे पत्र पाठवले. ज्या गृहस्थांना ते गेले, ते म्हणाले की आपण सातच बोललो होतो आणि अकराची बोली दुसऱ्या घराण्याची होती. दुसरे घराणे म्हणाले की बोली आमची असती तर मानही आम्हालाच मिळाला असता, आणि मान तर त्यांनी घेतला. दोघांचेही म्हणणे तर्कशुद्ध होते. पैसे शेवटी कोणीच दिले नाहीत, हे मी सोसले असते. परंतु त्या दोन घरांतले लोक पुढची तीन वर्षे सिम्हाथ तोराच्या सणाला आमच्याकडे न येता दुसऱ्या मशिदीत गेले, आणि जिथे शुक्रवारी संध्याकाळी दहा माणसे मोजून मिळतात तिथे पाच माणसे कमी होणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही.

आमच्या जुन्या शमाशांनी, ज्यांना लहानथोर सगळे काकाच म्हणत, मला नंतर त्यांची पद्धत दाखवली आणि मी ती आजतागायत सोडलेली नाही. सणाच्या दोन दिवस आधी प्रत्येक घराचे एक पुठ्ठ्याचे कार्ड करावे. त्यावर नाव, कडेने मानांची यादी आणि खाली रकमांचे आकडे आधीच लिहून ठेवावेत. बोली पक्की झाली की त्या घराच्या कार्डावर त्या मानाशी आणि त्या आकड्याशी एक-एक टाचणपिन सरकवावी. पिना आधीच डबीत काढून ठेवाव्यात. एका वर्षी एका उत्साही मुलाने पिन सापडेना म्हणून कार्डाची कडच फाडली, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला, कारण लिहिण्याप्रमाणे फाडणेही त्या दिवशी वर्ज्य आहे. याखेरीज मी आणखी एक गोष्ट करतो, जी कोणत्याही नियमात नाही: प्रत्येक बोली पक्की होताच मी ती मोठ्याने उच्चारतो आणि समोरच्या बाकावरच्या दोन वयस्कर माणसांकडून मान डोलावून घेतो. सण संपल्यावर हवदाला (समारोपाची प्रार्थना) झाली की घरी जाण्याआधी, मशिदीतच, त्या दोघांच्या देखत वहीत नोंद करतो. हल्ली काही तरुण खजिनदार म्हणतात की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर यादी टाकली म्हणजे झाले. त्या यादीखाली पन्नास माणसांसमोर 'मी एवढे बोललोच नव्हतो' हे वाक्य एकदा उमटले की ते पुसता येत नाही, हे त्यांना अजून कळायचे आहे.

दुसरी चूक कागदपत्रांची, आणि ती अधिक महागात पडते. आमच्या बहुतेक मशिदी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत आणि त्यांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू आहे. या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला, मरण पावला किंवा त्याने राजीनामा दिला, तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. निवडणूक झाली, पेढे वाटले, छायाचित्र काढले, आणि बदल अर्ज 'सण झाल्यावर पाहू' म्हणून राहून गेला, ही गोष्ट मी किती ठिकाणी पाहिली आहे, याची गणती नाही.

आमच्याकडे ती अशी उघडकीस आली. बायकांच्या गॅलरीचे लाकूड वाळवीने पोखरले होते आणि मुदत ठेव मोडल्याशिवाय दुरुस्ती होणार नव्हती. बँकेने धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा उतारा मागितला. उताऱ्यावर पाच विश्वस्त होते: त्यांपैकी दोघे कबरस्थानात होते, दोघे इस्राएलला जाऊन दहा वर्षे उलटली होती, आणि पाचवे गृहस्थ ऐंशी वर्षांचे असून त्यांना आपण विश्वस्त आहोत हेच आठवत नव्हते. नवा बदल अर्ज घेऊन मी गेलो, तेव्हा कळले की मधल्या तीन निवडणुकांचे अर्जच दिलेले नाहीत, आणि मागचे निकाली निघाल्याशिवाय पुढचा टिकणार नाही. मग जुन्या सभांची इतिवृत्ते शोधणे आले. एक इतिवृत्त हागादाच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेले सापडले आणि एक सापडलेच नाही. दिमोना आणि अश्दोदला राहणाऱ्या माजी विश्वस्तांना फोन करून त्यांची संमतिपत्रे मागवावी लागली. त्यांतल्या एका मामांनी विचारले, 'अरे, मी तर निघताना सगळ्यांना सांगून निघालो होतो, आता परत राजीनामा कशाला?' अलिया हा शब्द तोरासमोर जाण्यालाही आहे आणि इस्राएलला जाऊन स्थायिक होण्यालाही. दोन्हींचा मान मोठा असला तरी दुसऱ्या अलियाआधी राजीनाम्यावर सही घ्यावी, एवढेच मला त्यातून कळले. या सगळ्यात दोन पावसाळे गेले आणि गॅलरीखाली बांबूचे टेकू लागले.

म्हणून आता माझी सवय अशी आहे. निवडणुकीच्या सभेतच, चहा येण्याआधी, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे आणि जुन्यांचे राजीनामे सही करून घेतो. मूळ इतिवृत्त मशिदीच्या कपाटात आणि एक प्रत सचिवाच्या घरी, अशी विभागणी ठेवतो. ३१ मार्चला हिशेब मिटले की लेखापरीक्षकाकडे वह्या एप्रिलमध्येच पोहोचवतो. सहा महिन्यांची मुदत आहे म्हणून थांबावे, तर ती नेमकी सप्टेंबरअखेर, म्हणजे बहुधा नव्याचा सण (आमचा वर्षारंभ) आणि योम किप्पूर यांच्या धामधुमीत संपते. आणि मशिदीची जागा विकणे, बदलणे किंवा तीन वर्षांहून अधिक भाडेपट्ट्याने देणे यासाठी कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. 'आधी करार करू, परवानगी मागाहून येईल' असे सांगणारा बिल्डर प्रत्येक जुन्या मशिदीच्या दारात कधी ना कधी उभा राहतोच. त्याला चहा द्यावा, सही देऊ नये.

मिन्यानच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या किमान संख्येच्या, बाबतीत मी थोडक्यात सांगतो. तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात, आणि 'येईल कोणीतरी' या भरवशावर दहावा कधीही येत नाही. बुधवारी रात्री मी नावानिशी बारा जणांना फोन करतो. बारापैकी दहा येतात. संदेश पाठवून हे काम होत नाही, कारण संदेशावर अंगठा उमटवणारा माणूस मनाने आधीच येऊन गेलेला असतो. आणि शब्बाथला वाहन वर्ज्य असले तरी आलेल्या माणसाला दारात 'लोकलने आलास की चालत?' असे कोणीही विचारू नये. आमचे निम्मे सभासद आता ठाणे, कल्याण आणि त्यापलीकडे विखुरलेले आहेत. हा प्रश्न एकदा विचारला की तो माणूस पुढच्या शब्बाथला घरीच बसतो, मग तुमचे शास्त्र आणि तुमचा दहावा दोन्ही गेले.

मृतांच्या वार्षिक स्मरणाची वही हिब्रू तिथीने ठेवावी, इंग्रजी तारखेने ठेवू नये. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे मृत्यू दिवसा झाला की संध्याकाळनंतर, हे त्या ओळीतच लिहावे. ज्यांचे निधन अदार महिन्यात झाले आहे, त्यांच्यासाठी दोन अदार येणाऱ्या वर्षी कोणता धरायचा, हे हजानाला एकदाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. कद्दीश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणायला आलेल्या मुलाला 'तुमचा दिवस काल होता' असे सांगण्याची वेळ माझ्यावर एकदा आली आहे.

फाटलेली प्रार्थनापुस्तके रद्दीत देऊ नयेत. हे सांगावे लागते याचेच मला आश्चर्य वाटते, परंतु साफसफाईच्या उत्साहात एका स्वयंसेवकाने दोन गोण्या भरून दिल्या होत्या आणि मला रद्दीवाल्याच्या दुकानात बसून देवाचे नाव असलेले एकेक पान वेगळे करावे लागले. ती पुढे रीतीप्रमाणे कबरस्थानात पुरली.

पावसाळ्यात हेखाल आठवड्यातून एकदा उघडून सेफेर तोराला हवा द्यावी; कोकणातल्या दमटपणात चर्मपत्रावरची शाई सुटते, आणि एक अक्षर गेले तरी ती प्रत वाचनाला चालत नाही. कमिटीची सभा शुक्रवारी ठेवू नये. मलिद्याच्या (आमच्या नवसाच्या विधीच्या) पोह्यांचा आणि नारळांचा हिशेब दुकानदाराच्या चिठ्ठीसकट ठेवावा, कारण लाखाच्या हिशेबावर कोणी भांडत नाही, नारळांवर भांडतात. कबरस्थानाचा निधी मांडवाच्या भाड्यासाठी 'तात्पुरता' वापरू नये.

नव्याने निवडून आलेल्यांविषयी एक तक्रार उरते. ते पहिल्याच सभेत संकेतस्थळ, तरुणांचे शिबिर आणि घटनादुरुस्ती असे तीन विषय मांडतात, आणि मशिदीच्या किल्ल्या किती आहेत व कोणाकोणाकडे आहेत, हे विचारत नाहीत. आमच्याकडे त्या चार आहेत. तीन कोणाकडे आहेत हे मला माहीत आहे. चौथी एका माजी खजिनदारांबरोबर इस्राएलमधल्या बीरशेबाला गेली, आणि त्यांच्या भाच्याने पेसाहच्या सणाला येताना ती आणायचे कबूल केले आहे.